अक्काच्या कोठीतल्या सहा बाटल्या

१२ जानेवारी २०२०, रविवार. नवापूर

मिलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रंगाच्या नोंदी ठेवल्या, स्वतःच्या कधी ठेवल्या नाहीत. आजपासून ठेवणार. प्रसंगच तसा आहे.

आज मी, हेमराज, वय छप्पन्न, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधला शेड मास्तर, म्हणजे रंगछटा जुळवणारा, आयुष्यात पहिल्यांदा दारू चाखली. तीही पोटच्या पोरीने हातात दिलेली.

चंचल ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा घरात सांगून गेली की अन्नप्रक्रियेचा कोर्स आहे. पुढे कळलं, बाईसाहेब द्राक्षाच्या वाईनच्या कारखान्यात लॅब सांभाळतात. सुरतेत आमच्या नवागामच्या गल्लीत ही बातमी मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? दोन वर्षं तिच्याशी बोललो नाही. तिच्या लग्नात अक्षता टाकल्या, जावयाला, ललितला, मिठी मारली, पण तिच्याशी बोललो नाही. बायको, रंजना, म्हणाली, "बाप शेतस की दगड?" मी म्हणालो, दगड.

परवा ती, ललित आणि तिच्या दोन मैत्रिणी मुंबईत उतरले, माणशी दोन अशा आठ बाटल्या घेऊन. सुरतेत आणायची सोय नाही, गुजरातेत दारूबंदी. म्हणून धुळ्यावरून थेट नवापूरला, माझ्या मोठ्या बहिणीकडे. नवापूर महाराष्ट्रात, फक्त स्टेशनाचा अर्धा फलाट गुजरातेत. तिथून तिने निरोप धाडला: "पप्पा, एकदा चाखा, मग शिव्या द्या."

शिव्या द्यायच्या तयारीनेच आलो होतो. तिने दोन ग्लास पुढे ठेवले, एकात शिराझ, एकात कॅबर्ने, दोन्ही २०१७ च्या द्राक्षाची लाल वाईन. मी रंग बघितला आणि शिव्या विसरलो. शिराझ जांभळट लाल, कडेला वांग्याच्या सालीसारखी झाक. कॅबर्ने जरा गडद, गंभीर. असा लाल पॉलिएस्टरवर बसवायला मला तीन रंग मिसळावे लागतात. चाखल्यावर शिराझला पिकलेल्या जांभळाची आणि मिरीची चव. कॅबर्ने तुरट, ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास, लवकर बोलायलाच तयार नाही. मी एवढं सांगितल्यावर चंचल ललितकडे बघून म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? पप्पांचं नाक सोन्याचं आहे." मला ते आधीपासून माहीत होतं.

मग ठरलं ते असं. ही वाईन बाटलीत वर्षानुवर्षं बदलत जाते. चार शिराझ, चार कॅबर्ने. एक जोडी आज उघडली, तीन उरल्या. तिच्याकडे तिकडे चार जोड्या आहेत, एक जास्तीची. भाऊबिजेला मी अक्काकडे येतोच, त्या दिवशी एक जोडी मी इथे उघडायची, एक तिने तिथे, आणि फोनवर ताडून बघायचं. मी लाल रंगाच्या बारा कापडी तुकड्यांची पट्टी बनवून देणार, एक नंबर जांभळट, बारा नंबर विटकरी-तपकिरी. एक पट्टी तिच्याकडे, एक माझ्याकडे. आजचा रंग: शिराझ दोन, कॅबर्ने तीन. तिला आताच बजावून ठेवलं, पट्टी काळ्या कागदात ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही, उजेडाने शेड उडते.

प्रश्न अक्काचा होता. धुरपदाबाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, गळ्यात माळ. "दारू? मन्हा घरमा?" म्हणून ती उभी राहिली. चंचल तिच्या पायाशी बसली. "आत्या, ते माझं काम आहे. मी बनवलेलं."

अक्काचा हात भाचीच्या डोक्यावर गेला. "आंडेरनं, पोरनं काम शे? मंग ठेव."

मी म्हणालो, "अक्का, तुनी सालनी साठवण जशी जपस, तशीच हाई जप."

"तू काळजी नको करू भाऊ. मन्ही साठवणले आजपावत किडा लागना नही."

सहा बाटल्या तिने गव्हाच्या कोठीत ठेवल्या, वर कडुलिंबाचा पाला. अंधार, गारवा. शास्त्रात याहून वेगळं काय सांगितलं असेल?

रात्री गाडीत बसताना लक्षात आलं, आज चंचल आणि मी चार तास बोललो. दोन वर्षांनी. बाटल्या संपेपर्यंत तरी बोलायला विषय आहे.


१६ नोव्हेंबर २०२०, सोमवार. सुरत

भाऊबीज, पण करोनामुळे नवापूर नाही. अक्काने फोनवरूनच ओवाळलं. निरांजन एवढं जवळ आणलं की पडदाभर नुसता पिवळा उजेड.

चंचलचा फोन आला. बाटली नव्हती. तिने विचारलं, तब्येत कशी? मी म्हणालो, बरी. मी विचारलं, तुझी? ती म्हणाली, बरी. मग विषय संपले. तिने "मम्मीला द्या ने" म्हटलं आणि माझी सुटका झाली. खरं लिहायचं तर सुटका नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.


६ नोव्हेंबर २०२१, शनिवार. नवापूर

दुसरी जोडी. भव्य यश.

दुपारी ओवाळून झालं आणि मी मागच्या पडवीत मांडणी केली. पडवी उत्तरेला आहे. रंग उत्तरेच्या उजेडातच बघायचा असतो, दिवे खोटं बोलतात. पांढरं सुती कापड, त्यावर लॅबमधले दोन नवे बीकर, रंग कधी न लागलेले. कोठीत थर्मामीटर घालून बघितला, चोवीस. अक्का गव्हात हात घालून बाटल्या अशा काढते जसं बाळंतिणीजवळून बाळ उचलते आहे.

साडेतीनला फोन. तिकडे साडेआठ वाजलेले.

माझी नोंद: शिराझ, रंग पाच. जांभळं मागे पडली, मनुका आल्या. गुळाच्या काकवीचा वास, चलथाणच्या साखर कारखान्यावरून जाताना येतो तसा. कॅबर्ने, रंग तोही पाच. वाळवलेली चिंच, खजूर. दोन्हींनी एकमेकींचे गुण घ्यायला सुरुवात केली आहे.

तिची नोंद: शिराझ अडीच, कॅबर्ने तीन. जांभूळ, मिरी. म्हणजे जवळपास होती तशीच!

मी म्हणालो, "तुमच्याकडे थंडी फार, वाईन झोपून राहते. आमच्याकडे बघ, पाच वर्षांचं काम दोन वर्षांत केलं."

तिने तिची पट्टी उचलून पुन्हा बघितली. मग म्हणाली, "पप्पा, बाटल्या कुठे असतात?"

"कोठीत. गव्हात."

"वर्षभर?"

"वर्षभर नाही तर काय, बाटलीला पाय फुटतात?"

मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "बरं. सांगा ने अजून काय काय लागतंय." आणि मी सांगत सुटलो. दीड तास! मध्ये ती म्हणाली की ललितला दुसऱ्या शहरात काम मिळालंय, सध्या तिकडेच असतो. मी म्हणालो, छान, प्रगती आहे, आणि विषय पुन्हा कॅबर्नेवर आणला, नाहीतर ती भरकटते.

मी चाखून तांब्यात थुंकत होतो ते अक्काला पटलं नाही. "गिळस नही ते पेस कसाले?" उरलेलं दाजींनी, म्हणजे चिंधाभाऊंनी, गिळलं. त्यांचं मत: मागच्यापेक्षा आता उतरायला सोपी.


३ जून २०२२, शुक्रवार. सुरत

रिंग रोडच्या एका व्यापाऱ्याने मरून रंगाचा अख्खा लॉट परत केला. रंग उडाला, तुमचा डाय कच्चा, म्हणून दुकानात आरडाओरडा. मॅनेजरचा चेहरा पांढरा. मी गेलो, थान हातात घेतलं, उलगडलंसुद्धा नाही. फक्त घडीच्या कडेला फिकं, आत जसंच्या तसं.

"शेठ, शोकेसमां केटला दिवस?"

"बे महिना," शेठ पुटपुटले. दोन महिने काचेमागे!

दुकान पश्चिमेला तोंड करून. प्रकरण संपलं. उन्हाने खाल्लेला रंग मी दहा पावलांवरून ओळखतो. मॅनेजरने सगळ्या स्टाफसमोर चहा पाजला. संध्याकाळी हे रंजनाला सांगायला गेलो तर ती स्वयंपाकघरात चंचलशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मला बघितल्यावर गप्प. विचारलं तर म्हणाली, "काय नही, लोणचानं बोली राहिनूत." तासभर लोणचं!


२६ ऑक्टोबर २०२२, बुधवार. नवापूर

तिसरी जोडी.

शिराझ, रंग आठ. दोन नंबरवरून आठ! कॅबर्ने सात. मनुका आता भाजलेल्या, काकवी जरा करपलेली, मागे औषधासारखा किंचित कडवटपणा. दोन्हींतला फरक ओळखणं कठीण झालंय. याला मी पोक्तपणा म्हणतो. माणसं म्हातारी झाली की सारखीच दिसायला लागतात, दाजी आणि अक्काकडे बघावं.

चंचलची शिराझ अजून तीन, कॅबर्ने साडेतीन. तिला मी म्हणालो, "तुझ्या कारखान्याने माझ्याकडे दोन वर्षं शिकायला माणूस पाठवावा." ती हसली आणि म्हणाली, "सांगा ने, काकवी कशी करपली?" तिला बारकाव्यांची भूक आहे, माझ्यावर गेलीय.

नोंद घेण्यासारखं आणखी: लेबलचा मरून काठ एका अंगाने गुलाबी पडलाय. ऑस्ट्रेलियावाल्यांना वाईन येत असेल, छपाई येत नाही. आणि एका बाटलीच्या बुडाला कुरडईचा तुकडा चिकटलेला. अक्काच्या घरात फराळ कुठे सापडेल सांगता येत नाही.

फोनवर चंचलच्या मागची भिंत बदललेली दिसली. आधी पिवळसर होती, आता फिकी निळी, घाईत मारलेली, ब्रशचे पट्टे दिसतायत. मी म्हणालो, रंगाऱ्याने फसवलं तुला. ती म्हणाली, "हो पप्पा, फसवलं." ललित नव्हता. सण असूनसुद्धा कामावर. मेहनती मुलगा.

एक जोडी उरली.


१५ नोव्हेंबर २०२३, बुधवार. नवापूर

शेवटची जोडी उघडली नाही.

अक्काला, दाजींना, सगळ्यांना सांगितलं की अजून एक वर्ष थांबलं तर पक्वता कळसाला जाईल. पटलं सगळ्यांना. मलाही जवळपास पटलं.

इथे खोटं लिहून काय करू? ही उघडली की संपलं. पुढच्या भाऊबिजेला तिला काय सांगू, मिलमध्ये कोणता रंग चढला ते?

साडेतीनला फोन आला. तिने तिची बाटली समोर ठेवली होती.

"आज नाही उघडली, पप्पा?"

"नाही. पुढच्या वर्षी."

"अच्छा." मग बराच वेळ ती बाटलीचं झाकण पिरगळत राहिली, उघडत नव्हती, नुसतं पिरगळत होती. "मग... ठेवू?"

"ठेव," म्हणालो.

तिला काहीतरी सांगायचं होतं असं आता वाटतंय. काय असेल? परत फोन करावा म्हणून दोनदा हातात घेतला. बाटली न उघडता काय विचारायचं ते ठरेना. हे बरोबर नाही झालं.


१९ मे २०२४, रविवार. सुरत

सुरतेत माणसं वितळतायत. अक्काला फोन केला, दाजींनी उचलला. अक्का गच्चीवर, बिबड्या-कुरडया वाळत घातल्यात. हाक मारून आणली. धापा टाकत आली.

"अक्का, एवढ्या उन्हात? सत्तरीची झालीस."

"मंग कोन राखन बसई? मांजर शे, माकडं शेतस. तुनं सामान बी वर शे."

माझं सामान म्हणजे गेल्या वर्षी दिलेले मिलचे चिंध्यांचे गठ्ठे असणार. ती त्यांच्या गोधड्या करते. मी म्हणालो, त्याची एवढी काळजी नको करू. ती म्हणाली, "वा! तू सोपेल वस्तू शे."

चंचलचा नोव्हेंबरपासून मला फोन नाही. रंजनाला येतो.


२२ सप्टेंबर २०२४, रविवार. सुरत

चंचल येतेय! भाऊबिजेला, तिची एक जोडी घेऊन. आपण शेवटची शेजारी शेजारी ठेवून चाखू, म्हणाली. एकटीच येतेय, ललितला सुट्टी नाही.

आता दूध का दूध होईल. सात वर्षांची एकच वाईन, एक तिकडच्या थंड तळघरातली, एक अक्काच्या कोठीतली. माझी जिंकणार यात मला शंका नाही. रंजनाला तसं म्हटलं तर म्हणाली, "पोर ई राहिनी, तिले जिकू द्या." बायकांना स्पर्धा कळत नाही.


३ नोव्हेंबर २०२४, रविवार. नवापूर

जेवणं व्हायची आहेत. अक्का आत पुरणाच्या मांड्यांचं बघतेय. त्याआधी लिहून टाकतो, नाहीतर उद्या मी यात फेरफार करीन.

चंचल वाळलीय. ओवाळणी झाल्यावर आम्ही दोघं पडवीत बसलो. पांढरं कापड, चार बीकर. आधी दोन शिराझ उघडायच्या, मग कॅबर्ने.

तिने दोन्ही ओतल्या. मी काही विचारायच्या आत माझे डोळे बोलून गेले. तिची चार नंबर. लाल, कडेला नुकतीच विटेची झाक, पण आत उजेड आहे. माझी पट्टीच्या बाहेर. बारा नंबरच्याही पुढे. उकळून ठेवलेला चहा.

तरी मी तोंड चालवलं. "आधी माझी. बघ, किती पोक्त." घोट घेतला. मनुका, काकवी, कडवट. ओळखीची चव. मग तिची घेतली.

जांभूळ. मिरी. पाच वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी होती तीच, फक्त आता मऊ झालेली, कोपरे गेलेले, आणि घोट उतरल्यावरसुद्धा बराच वेळ तोंडात राहणारी. मी डोळे मिटले. जुनी झालेली वाईन अशी असते तर.

चौतीस वर्षं मी शेड जुळवतोय. एकाच लॉटच्या दोन थानांत एवढा फरक पडला तर अर्थ एकच, एका थानाला काहीतरी लागलंय. मी माझी बाटली उचलली, फिरवली. लेबल एका अंगाने पार पांढरं, दुसऱ्या अंगाने मरून. घडीच्या कडेला फिकं, आत जसंच्या तसं.

शेठ, शोकेसमां केटला दिवस?

"अक्का!" मी हाक मारली. ती ओल्या हातांनी बाहेर आली.

"उन्हाळामा या बाटल्या कोठे ऱ्हातीस?"

"कोठे म्हंजे? गच्चीवर." तिला प्रश्नच कळला नाही. "साठवणले सालमा एक डाव ऊन नको का? गहू वाळाडस, तठेच गहूमा अर्ध्या रुतीसन ठेवस. आठ दिन, चांगलं कडक ऊन. एक साल बी चुकनू नही. माकडं पाडी देतीन म्हनीसन मी सोता बठस, छत्री लिसन." मग तिचा चेहरा उतरला. "काब्र रे भाऊ? खराब झायी का?"

वैशाखातलं नवापूरचं ऊन मला माहीत आहे. त्यात गळ्यात माळ असलेली बाई, जिने दारूचा वास कधी घेतला नाही, छत्री धरून माझ्या दारूची राखण करत बसली होती. पाच उन्हाळे. आणि शब्द माझेच होते. या वहीच्या पहिल्या नोंदीत आहेत, आताच पान उलटून बघितलं: तुझी सालाची साठवण जशी जपतेस, तशीच ही जप. कापडाच्या पट्टीला ऊन दाखवू नको हे पोरीला बजावलं, बाटल्यांचं बहिणीला सांगायचं राहिलं.

चंचल माझ्याकडे बघत होती. मी ओरडणार याची ती वाट बघत होती, हे मला दिसलं.

"खराब?" मी म्हणालो. "अक्का, तू नसती ते हाई टिकतीच नही. दख, पोरनी वाईन आजून कच्ची शे."

अक्काने पदराने तोंड पुसलं. "मी म्हनू ना," म्हणाली आणि चंचलच्या गालावरून ओला हात फिरवून आत गेली. आत जाऊन दाजींना मोठ्याने सांगितलेलंही ऐकू आलं.

मी बाटली खाली ठेवली. मग मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी. मनुका म्हणालात तेव्हाच. उन्हातली वाईन अशीच लागते."

"तीन वर्षं! मी तुझ्या कारखान्याला शिकवायला निघालो होतो, आणि तू ऐकत बसलीस?"

"बोलले असते तर तुम्ही आत्याला बोलला असता. बाटल्या फेकून दिल्या असत्या. मग फोनवर काय बोललो असतो आपण, पप्पा?"

तिच्या चार नंबरच्या बीकरकडे बघत राहिलो. जी पोरगी वाईनबद्दल तीन वर्षं गप्प बसू शकते, ती आणखी कशाकशाबद्दल गप्प बसली असेल? आणि मला ती भिंत आठवली. शेड मी कधी विसरत नाही.

"ती फिकी निळी भिंत कोणाची?"

तिने मान खाली घातली. "माझी. भाड्याची खोली आहे. दोन वर्षं झाली."

"ललित?"

"तो दुसऱ्या शहरात गेला तेव्हाच गेला, पप्पा. ऑगस्टमध्ये घटस्फोटाचे कागद झाले. मम्मीला माहीत आहे. गेल्या भाऊबिजेला तुम्हाला सांगणार होते. तुम्ही बाटली उघडली नाही."

तोंडाशी काय काय आलं ते लिहीत नाही. गल्लीत काय सांगू, हेसुद्धा आलं, लाज वाटते पण आलं. पहिल्या दिवशी तिनेच मला शिकवलं होतं, घोट घेतला की लगेच गिळायचं नाही, लगेच थुंकायचं नाही, तोंडात धरायचं. मी धरलं. जे कडू होतं ते हळूहळू गेलं.

"जेवतेस एकटीच?"

"हो."

"काय?"

"खिचडी. बहुतेक वेळा."

"लसूण घालतेस?"

ती हसली, मग रडली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही एकदम. दगड म्हणालो होतो ना मी? रंजनाला सांगायला हवं, माझं उत्तर चुकलं होतं. मीसुद्धा रडलो. कॅबर्नेच्या दोन बाटल्या उघडायच्या राहिल्या.


४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सुरत

निघताना अक्काने उरलेल्या दोन बाटल्यांकडे बोट दाखवलं, एक कोठीतली, एक चंचलने आणलेली. चंचल पटकन म्हणाली, "आत्या, ही नवी मी घेऊन..."

"दोन्ही ठेव, अक्का," मी म्हणालो.

अक्काने दोन्ही बाटल्या गव्हात रुतवल्या, वर पाला टाकला, आणि कोठीवर हात फिरवला. काळजी नको करू, म्हणाली.

गाडी अर्ध्या तासाने होती. फलाटावर आम्ही महाराष्ट्राच्या बाजूला बसलो, मग सावलीसाठी उठून गुजरातेत गेलो. चंचलने पहिल्यापासून सगळं सांगितलं, ललितचं, खोलीचं, पहिल्या हिवाळ्याचं. मी मध्ये बोललो नाही. म्हणजे दोनदा बोललो, पण तिने "पप्पा" म्हटल्यावर थांबलो. दर रविवारी साडेतीनला फोन ठरला आहे. त्याला बाटली लागणार नाही, खिचडीचं सांगितलं तरी चालेल.

गाडीत बसल्यावर तिच्यातली लॅबवाली जागी झाली. "पप्पा, वैशाखात ती नवी पण गच्चीवर जाणार."

"जाईल."

"चांगली वाईन आहे ती. अजून दहा वर्षं टिकली असती."

"तुझ्याकडे तिकडे आहे ना एक जोडी? ती टिकव. दोन्ही सारख्याच निघाल्या तर भाऊबिजेला ताडून काय बघायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खिडकीकडे तोंड करून हसली. सुरतेजवळ उधन्याला उतरेपर्यंत हसू तोंडावर होतं.

मे महिन्यात आठ दिवस रजा टाकायची. मिलमधलं जाड कापड घेऊन नवापूरला जाणार आणि गच्चीवर अक्कापुरता मांडव घालून देणार. बाटल्या उन्हातच राहतील.